देवजीचं काम पूर्ण झालं

१

शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात नम्रताला पायरीवर बसलेली सकुबाई दिसली. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात कुणाची तरी पुरुषी. पदर दातात घट्ट धरलेला. उन्हं अजून समोरच्या पत्र्यावरून खाली उतरली नव्हती आणि ही बाई शेणव्याच्या पुढून पहिल्या जीपनं शहापुरात येऊन बसली होती.

"वहिनी, तुम्ही? एवढ्या सकाळी?"

"आमचा धनी घरी आला नाय रातचा."

नम्रताच्या कडेवर दीड वर्षांची दामिनी होती. सासूबाई लग्नाला गेलेल्या, त्यामुळे आज पोरीला ऑफिसात आणण्यावाचून इलाज नव्हता. तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि, पुढे कितीतरी दिवस तिला याची लाज वाटत राहिली, ती चक्क हसली.

"असं कसं होईल? काल संध्याकाळीच सगळे घरी पोचलेत. हे बघा." तिनं फोन पुढे केला. निरोप तिथं होताच. आजची सगळी कामं पूर्ण. सगळे घरी पोचले.

सकुबाईला वाचता येत नव्हतं. तिनं नम्रताच्या तोंडाकडेच बघत विचारलं, "ह्ये कोन सांगतं?"

"मैना."

"कोनची मैना?"

"म्हणजे… कंप्युटरमधली. कामांची नोंद ठेवते ती."

"मंग तिला इचार ना बाय," सकुबाई म्हणाली. "कोनच्या घरी पोचला त्यो."

२

रविंद्र सरांची कंपनी छोटी. शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवर विहिरींमध्ये सौर पंप बसवायचे, बिघडले की दुरुस्त करायचे. देवजी त्यांचा सगळ्यात जुना मिस्त्री.

प्रत्येक कामाचं कंप्युटरच्या बोर्डावर एक कार्ड असायचं. काम चालू असलं की पिवळं, पूर्ण झालं की हिरवं. पूर्वी संध्याकाळी नम्रता बोर्ड उघडून बसायची आणि जी कार्डं पिवळी राहिली असतील त्या माणसांना फोन लावायची. फोन लागला नाही तर कुणाला तरी मोटरसायकलवर पिटाळायची. विहिरीत उतरणारी माणसं ती.

पण माणसांना बोर्डावर लिहायचा कंटाळा. बोटं ग्रीसनं माखलेली, अक्षरं बारीक. म्हणून दिवाळीनंतर नम्रतानं एक एआय मदतनीस बोर्डाला जोडून दिला. पोरांनी त्याचं नाव मैना ठेवलं. फोनवर नुसतं बोलायचं किंवा फोटो टाकायचा, मैना समजून घेणार आणि कार्ड हलवणार. जोडताना बोर्डानं तीन परवानग्या मागितल्या होत्या. मदतनिसाला कार्ड वाचू द्यायचं? कार्डावर लिहू द्यायचं? कार्ड बंद करू द्यायचं? तिसऱ्या चौकटीपाशी नम्रताचं बोट अडलं होतं. मागून रविंद्र सर म्हणाले होते, "टाक टिक. ते पण आपणच करायचं तर जोडायचं कशाला?"

आता तिनं बोर्ड उघडला. देवजी. भोकरीपाडा. जुना पंप काढून नवीन बसवणे. हिरवं.

रविंद्र सर आले ते थेट निकालावर. त्यांनी सकुबाईला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग नम्रताला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे दोन हात. ऑफिस तेवढंच होतं.

"कार्ड हिरवं आहे. म्हणजे काम झालं. काम झालं की जुनी मोटर आटगावच्या गोदामात जमा होते. झाली?"

"साईनाथ म्हणतो, नाही झाली."

"मोटरीत तांबं असतं, नम्रता. मोटर नाही, माणूस नाही. आता हे मी तुला समजावून सांगू?"

"चोर म्हंता त्यास्नी?" सकुबाई खुर्चीतून उठली. "सरळ बोला ना मंग. मी बहिरी नाय."

"वहिनी, मी फक्त विचारतोय. नम्रता, त्याला फोन लाव."

नम्रतानं लावला, स्पीकरवर. घंटा गेली. तिघंही त्या आवाजाकडे बघत राहिले. घंटा पूर्ण वाजून थांबली.

"भोकरीपाड्याला रेंज आहे?" सरांनी विचारलं.

"नाही. खोल दरीत आहे पाडा."

"मग फोन वाजतोय म्हणजे माणूस दरीतून वर आलाय आणि उचलत नाहीये. दुपारपर्यंत वाट बघतो. नंतर चौकीत तक्रार देणार. माझाही नाइलाज आहे."

एकदा तक्रार झाली की लोक देवजीला कल्याणच्या भंगारवाल्यांकडे शोधतील. रानात कुणी शोधणार नाही. नम्रतानं पुन्हा नंबर लावला.

या वेळी फोन बंद होता.

३

साईनाथ आटगावचं गोदाम सांभाळायचा. देवजीचं आणि त्याचं कधी पटलं नव्हतं. देवजी त्याला सगळ्यांसमोर 'जावईबापू' म्हणायचा, कारण हा खुर्चीवरून उठत नसे.

"मोटर आली नाय म्हंजे नाय," तो फोनवर म्हणाला. "मी काय खिशात घालीन काय?"

"तू संध्याकाळी गोदामातच होतास ना?"

पलीकडे खाकरल्याचा आवाज.

"साईनाथ, वहिनी इथं बसल्यात. माणूस रात्रभर घरी नाही."

"लवकर बंद केलं होतं," तो पुटपुटला. "सासऱ्याकडं वाशिंदला गेलो होतो. सरांना नको सांगू. पण मॅडम, देवजी आला असता तर मोटर दारात टाकून, मना चार शिव्या लिहून गेला असता. तो गपचूप परत जाणाऱ्यातला नाय."

खोटं वाटलं नाही ते. पण काल गोदामाला कुलूप होतं, एवढं नक्की झालं. म्हणजे मोटर आली की नाही, हे साईनाथलाही माहीत नव्हतं.

दीपेश मागच्या अंगणात टेम्पोवर पाइप बांधत होता. देवजीच्या हाताखाली शिकलेला, पंचविशीचा. कंपनीचा नियम होता, विहिरीवर दोघांनी जायचं. काल देवजीबरोबर तो होता. नम्रताचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. एरवी बारा महिने स्लिपर घालणाऱ्या या पोराच्या पायात काळे बूट होते आणि ते टाचेला चावत असल्यासारखा तो लंगडत होता.

"किती वेळा सांगू, ताई? मोटर पाण्यात सोडली, चालू करून बघितली. पाणी आलं. मग दादांनी फोटो काढायला लावला. मग निघालो आमी. शेणव्याच्या नाक्यावर सोडलं मी त्यांना. तिथून घर काय, हाकेवर."

"आमचा नामा नाक्यावर इचारून आला," सकुबाई दारातून म्हणाली. नामा तिचा दीर. "पानटपरीवाला म्हंतो, देवजीला काल बघितलाच नाय."

"अंधार पडला होता, काकी."

"अंधारात पण त्यो तंबाकू घेतल्याबिगर घरी येत नाय रे."

दीपेश गाठ बांधत राहिला. तीच गाठ त्यानं दोनदा सोडली आणि दोनदा बांधली. आणि हे सगळं बोलताना तो नम्रताकडे नाही, कडेवरच्या दामिनीकडे बघत होता. लहान पोर काही ओळखत नाही, म्हणून माणूस तिच्याकडे बघतो.

हा खोटं बोलतोय, नम्रताला वाटलं. पण कशाबद्दल?

४

एकच साक्षीदार उरला होता. नम्रता आत येऊन कंप्युटरपुढे बसली, दामिनीच्या हातात बिस्किट दिलं आणि लिहिलं:

देवजीचं कार्ड तू हिरवं केलंस?

"हो," मैनेचं उत्तर आलं. "काल संध्याकाळी."

देवजीदादा काय बोलले?

"ते काही बोलले नाहीत. त्यांच्या फोनवरून फक्त एक फोटो आला."

नम्रताचा हात थांबला. सकाळपासून सगळे जण कार्ड देवजीनं बंद केलं असं धरून चालले होते. तीसुद्धा.

मग काम पूर्ण झालं हे कशावरून ठरवलंस?

"फोटोत हार, नारळ, हळदकुंकू आणि जमलेली माणसं आहेत. बोर्डावरच्या पूर्ण झालेल्या बहुतेक कार्डांना असेच फोटो जोडलेले आहेत. त्यावरून मी काम पूर्ण झाल्याचं धरलं."

आणि घरी पोचले हे?

"दिवसाची सगळी कार्डं हिरवी झाली की 'सगळे घरी पोचले' असा निरोप द्यावा, अशी सूचना आहे. ही सूचना रविंद्र सरांनी दिली आहे."

सगळं सौजन्यानं, शांतपणे.

ते जुने फोटो तिला पाठ होते. देणगीदार कंपन्यांना पाठवायला सर स्वतः काढून घेत. पाणी आल्यानंतर नळाला हार घालायचा, फीत कापायची, हसायचं. मैना त्यावरूनच शिकली होती. हार दिसला की काम झालं.

तिनं कालचा फोटो मोठा केला. चारपाच बायका, दोन म्हातारे. कडेला देवजी, हात पुसत, कॅमेऱ्याकडे न बघता. मधोमध पाटावर नवी कोरी मोटर आडवी ठेवलेली, तिच्या अंगावर कुंकवाची बोटं उठलेली, गळ्याशी झेंडूचा हार.

मोटर.

"सर," ती म्हणाली. "हा फोटो बघा. यात काय चुकतंय?"

"काय चुकतंय? पूजा केलीये."

"विहिरीतल्या पंपाचं काम पूर्ण झालं की मोटर कुठं असते?"

रविंद्र सर पडद्याजवळ वाकले.

"पाण्याखाली," सकुबाई म्हणाली.

५

दीपेशला आत बोलावलं. नम्रतानं पडदा त्याच्याकडे वळवला.

"तू म्हणालास, आधी मोटर सोडली, पाणी आलं, मग फोटो काढला. मग फोटोत मोटर बाहेर कशी? माझ्या माहेरीसुद्धा विहिरीत काही सोडायचं तर आधी पूजा करतात. एकदा खाली गेली की कुंकू लावायला कोण उतरणार? हा फोटो कामाच्या शेवटचा नाही, दीपेश. सुरुवातीचा आहे. तू पूजेपर्यंत होतास. पुढचं तू बघितलेलंच नाहीस."

दीपेशनं पाय मागे ओढून घेतले.

"आणि हे बूट कुणासाठी घातलेस?"

तो खाली बसला. फरशीवरच.

"काल वाशिंदच्या फॅक्टरीत इंटरव्ह्यू होता," तो म्हणाला. "दादांना सांगितलं होतं मी. ते म्हणाले, जा रे, पाड्यातली माणसं घेतो हाताशी. रातचा वाशिंदलाच राहिलो, म्हणून हे बूट. संध्याकाळी मैनेचा निरोप आला, सगळे घरी पोचले. मना वाटलं, झालं. पाड्यातल्या लग्नाच्या जीपनं आले असतील. सकाळी काकी आली तर…" त्यानं बुटाची नाडी ओढली. "एकट्याला सोडला म्हणून नोकरी गेली असती माझी. आणि तिकडची पण लागली नाय."

"तू त्याला एकट्याला सोडलंस?" रविंद्र सर.

"पाड्यात माणसं होती, सर. पण त्यांच्यातलं लग्न होतं पलीकडच्या पाड्यात. दुपारी सगळी वर जायची होती."

"सगळी?"

"सगळी."

कालची दुपार, मग रात्र. माघातली रात्र, दरीतली. नम्रतानं दामिनीला छातीशी इतकं आवळलं की पोर कुरकुरली.

पण सर अजून एका खुंट्याला अडकले होते. "फोन वाजला त्याचं काय? दरीत रेंज नाही. तो तिथं असता तर फोन वाजलाच नसता."

"तो तिथं आहे. फोन तिथं नाही." नम्रता बोलता बोलताच उठली होती. "आमच्याकडे याला 'फोन चरायला पाठवणं' म्हणतात. खाली रेंज नसली की जो कुणी वर जाणार असेल त्याच्या पिशवीत सगळ्यांचे फोन द्यायचे. वर गेलं की अडकलेले निरोप सुटतात, संध्याकाळी फोन परत. फोटोतल्या सावल्या दुपारच्या, पण मैनेला तो मिळाला संध्याकाळी. का? दादांनी फोन लग्नाला जाणाऱ्याकडे दिला होता. आता तो लग्नाच्या मांडवात वाजतोय आणि आपण समजतोय, तो उचलत नाही."

सकुबाईनं मान डोलावली. "बाईजाकडं दिला असंल. दर वेळी तिच्याचकडं देतात ते."

"मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"मना कोनी इचारला, फोन कोनाकडं हाय? मना इचारलात, नवरा कुटं हाय."

सरांनी गाडीची चावी उचलली. तक्रारीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

६

किन्हवली मागे पडली, डांबर संपलं. मुरबाडच्या हद्दीत शिरल्यावर रस्ता नुसता दगडांचा. सकुबाई पुढच्या सीटची कड धरून वाकून बसली होती, जणू तिच्या वाकण्यानं गाडी वेगानं पळणार होती.

खिंडीत लग्नाहून परतणारी माणसं भेटली. नव्या लुगड्यातली बाईजा, गळ्यात कापडी पिशवी. पिशवीत पाच फोन.

"ह्यो देवजीचा," तिनं काढून दिला. "वाजत व्हता सकाळी."

"मग उचलला का नाही, मावशी?"

"दुसऱ्याचा फोन कसा उचलायचा गो? मंग गप झाला त्यो." तिनं गाडीतली तोंडं बघितली आणि तिचा आवाज उतरला. "काय झालाय? देवजी गेला ना काल घरी?"

नम्रतानं दामिनीला तिच्या हातात दिलं. सकाळपासून पहिल्यांदाच पोरीला तिनं कुणाच्या तरी स्वाधीन केलं होतं, तेही अनोळखी बाईच्या. मागे वळून न बघता ती उतारावरून धावली.

विहीर पाड्यापासून लांब, ओहळाच्या काठावर. कडेला पाट, त्यावर नवी मोटर, हार सुकलेला. दोर कठड्यावरून आत गेलेला आणि तुटलेला. जुन्या पंपाचा लोखंडी पाइप वाकडा होऊन खाली कपारीला अडकला होता, वरचं टोक कठड्याला टेकलेलं. म्हणजे जुनी मोटर अजून त्याच्या खालच्या टोकाला, पाण्यात. ती बाहेर निघालीच नव्हती.

"देवजीदादा," दीपेशनं हाक मारली. विहिरीनं ती तशीच परत केली.

आत काळोख होता. सरांनी फोनचा उजेड टाकला, तो पाण्यापर्यंत पोचेना. पुन्हा हाक. पुन्हा. रविंद्र सर मागे सरकून एका दगडावर बसले आणि त्यांनी तोंडावरून हात फिरवला. ते काय म्हणणार आहेत ते नम्रताला कळलं, आणि त्यांनी ते म्हणू नये म्हणून तिनं हात वर केला.

सकुबाई कठड्यावर पालथी पडली होती. तिनं नवऱ्याला हाक मारली नाही. हात लांब करून तिनं दगडानं लोखंडी पाइपावर एक ठोका दिला आणि पाइपाला कान लावला.

सगळे थांबले.

खालून आवाज आला. ठण्. इतका बारीक की भास वाटावा.

"हाय," सकुबाई म्हणाली. "हाय तो."

रात्रभर ओरडून देवजीचा घसा गेला होता. जुनी मोटर सोडवायला तो खाली उतरला, दोर तुटला, पाय मोडून तो पाण्यावरच्या कपारीत अडकून पडला. हातात पाना होता. काल रात्री तोच पाना तो पाइपावर वाजवत राहिला होता आणि ऐकायला पाड्यात एक माणूस नव्हता. हे सगळं नंतर कळलं.

वरून माणसं दोर घेऊन येईपर्यंतचा वेळ सरता सरेना. सकुबाई एक ठोका मारायची, खालून एक यायचा. ती मारायची, यायचा. मग उशीर होऊ लागला. तिनं मारला तरी खालून यायला वेळ लागे, आणि तेवढा वेळ कठड्यावर कुणी श्वास घेत नसे. एकदा आलाच नाही. तिनं पुन्हा मारला. पुन्हा. "झोपायचं नाय," ती पाइपात तोंड घालून म्हणाली, घरात पोराला दटावावं तशी. "ऐकताव ना? झोपायचं नाय सांगते."

ठण्.

खाली कोण उतरणार, हे कुणी विचारलं नाही. दीपेशनं बूट काढून फेकले आणि दोर कमरेला बांधून घेतला. गाठ रविंद्र सरांनी बांधली. एकदाच, आणि पक्की.

देवजीला वर आणलं तेव्हा त्याचे ओठ फुटले होते, पाय गुडघ्याखाली भलतीकडे वळला होता, पण डोळे उघडे होते. बाजेवर आडवं करून माणसांनी त्याला उचललं. कुणी चादर टाकली, कुणी ओलं फडकं ओठांना लावलं. गाडीकडे जाणारी वाट अरुंद होती, सगळे एका रांगेत, घाईनं, एकमेकांना सांभाळत निघाले.

आणि मागे अजून आवाज येत होता. नम्रता वळली.

सकुबाई तशीच कठड्यावर पालथी, डोळे मिटलेले, पाइपावर दगड मारत होती. मारायची आणि कान लावायची.

"वहिनी, दादा वर आलेत." नम्रता तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली. "आलेत वर. बघा तरी."

ती मारतच राहिली. मग नम्रतानं तिची बोटं एकेक करून उघडली आणि दगड काढून घेतला.